प्रथमोपचार पेटीची रीतसर खरेदी

चंद्रशेखर वडनेरकर गेली बावीस वर्षं उत्तर प्रदेशातल्या पंच्याहत्तर जिल्ह्यांसाठी औषधं खरेदी करत होते, पण दुकानात उभं राहून गोळ्यांचं एक पाकीट त्यांनी कधी विकत घेतलं नव्हतं. घरात कुणाला ताप आला तर औषध त्यांची बायको हेमा आणायची. फार पूर्वी, मुलगी मुक्ता बालवाडीत असताना, त्यांना एकदा खोकल्याचं औषध आणायला पाठवलं होतं. दोन तासांनी ते तीन दुकानांचे भाव लिहिलेला कागद घेऊन परत आले. बाटली आणली नव्हती, कारण निर्णय अजून व्हायचा होता. तोवर शेजारच्या लीलावतीकाकूंनी मुक्ताला आल्याचा रस चाटवून झोपवलं होतं, आणि ही गोष्ट काकूंनी पुढची अठरा वर्षं विसरायची नाही असं ठरवलं होतं.

सरकारी दवाखान्यांना औषधं पुरवणाऱ्या खात्यात ते खरेदी अधिकारी होते. आता, लखनौमध्ये काय किंवा सातारा-नागपुरात काय, ‘खरेदीत आहे’ म्हटलं की समोरचा माणूस एक डोळा बारीक करून हसतो आणि म्हणतो, ‘मग काय, मजा आहे.’ ह्या हसण्याचा वडनेरकरांना मनस्वी राग होता. निविदांची पाकिटं उघडायच्या दिवशी कंपन्यांचे लोक समोर बसलेले असत, म्हणून त्या दिवशी ते कार्यालयाचाही चहा घेत नसत. घरून आपला थर्मास नेत. हा निळा थर्मास हीच त्यांच्या बावीस वर्षांच्या नोकरीची मिळकत आहे, असं हेमा म्हणायची. ती रेल्वेच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होती. मानक नगरातलं क्वार्टर तिच्या नावावर होतं आणि दारावरची पाटीही तिचीच होती. पोस्टमन वडनेरकरांना ‘मैडम के साहब’ म्हणत असे, आणि तेही त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नव्हतं, निदान तसं दाखवलं तरी नव्हतं.

मनाला लागलं होतं ते मुक्ताचं बोलणं. मुक्ता औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच घरी आली होती आणि नोएडाच्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने तिला बोलावलं होतं. नेमक्या त्याच सुमारास वडनेरकरांच्या खात्यात सहायक खरेदी अधिकाऱ्यांच्या जागांची जाहिरात निघाली. अर्जाची शेवटची तारीख जानेवारीतला शेवटचा रविवार, संध्याकाळी सहा वाजता. वडनेरकरांनी जाहिरात कापून फ्रीजवर चुंबकाखाली लावली. मुक्ताने त्याच चुंबकाखाली, जाहिरातीच्या वर, सब्जीची यादी लावली. विचारलं तेव्हा म्हणाली, “पापा, आप करते क्या हो? फाइल इस टेबल से उस टेबल. वो मैं नोएडा में भी नहीं करूँगी, यहाँ क्यों करूँ?” घरात मुक्ताशी मराठीत बोलायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, ही पद्धत ती पहिलीत गेल्यापासून चालत आली होती.

“तिला काही समजवायला जाऊ नका,” हेमाने बजावलं. “तुम्ही समजावलंत की ती उद्याच नोएडाला जाईल.”

वडनेरकरांनी ते मानलं. पण आपलं काम काय आहे हे पोटच्या पोरीला ठाऊक नसावं, ह्याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं.

अशा मनःस्थितीत ते मराठी मित्रमंडळाच्या सभेला गेले. मंडळाच्या क्रीडास्पर्धा जानेवारीतल्या त्याच शेवटच्या रविवारी होत्या. मागच्या वर्षी रस्सीखेच चालू असताना एका प्राध्यापकांचे तळहात सोलवटून निघाले होते आणि बांधायला चिंधीही मिळेना, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष जयसिंगराव यांनी आपला मफलर दिला होता. जयसिंगराव हवाई दलातून निवृत्त होऊन सरोजिनी नगरात स्थायिक झालेले कोल्हापूरकर. तो मफलर परत आला नव्हता. म्हणून यंदा प्रथमोपचाराची पेटी घ्यावी असा ठराव त्यांनी स्वतःच मांडला.

“वडनेरकर, तुम्ही औषधवाले,” जयसिंगराव म्हणाले. “उद्या संध्याकाळपर्यंत एक डबा आणून टाका. विषय संपला.”

मागच्या रांगेत मुक्ता फोनमध्ये बघत बसली होती. वडनेरकरांनी तिच्याकडे एकवार पाहिलं आणि आपलं काम तिला डोळ्यांदेखत करून दाखवायची कल्पना त्यांच्या डोक्यात आली. शहाण्या माणसाच्या डोक्यात अशी कल्पना सहसा सभेतच येते.

“तीन आठवडे लागतील,” ते म्हणाले. “रीतसर करायचं तर.”

“अमीनाबादचा बाजार काही तीन आठवड्यांच्या वाटेवर नाही,” लीलावतीकाकू म्हणाल्या. “आणि पेटी कशाला हवी? मी हळदीची डबी आणीन.”

पण ठराव झाला आणि दुसऱ्याच दिवशी वडनेरकर कामाला लागले. रीतसर खरेदीची पहिली पायरी म्हणजे गरज किती हे शोधणं. त्यासाठी त्यांनी वही घेतली आणि मंडळाच्या घराघरांत जाऊन विचारायला सुरुवात केली, की गेल्या पाच वर्षांत स्पर्धांमध्ये आपल्या घरातलं कोण पडलं, कुठे लागलं आणि किती. हा प्रश्न थंडीच्या दिवसांत, चहाच्या वेळेला, घरी येऊन विचारला की काय होतं ते सांगायला नको. लोक खेळताना कमी पडले होते, पण दुखत सगळ्यांचं होतं. गुडघे, कंबर, पित्त, झोप न येणं. एका घरात आजोबांनी आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं वहीत चिकटवायला दिली. जयसिंगरावांनी कपड्याच्या घडीतून एक्स-रे काढून खिडकीशी धरला. वडनेरकरांना नाही म्हणता येईना. आठवड्याअखेर प्रथमोपचाराच्या पेटीची यादी एक्केचाळीस वस्तूंची झाली आणि तिच्यात चाकाची खुर्चीही होती.

ती यादी कापून चौदावर आणायला आणखी तीन दिवस गेले. ज्यांच्या वस्तू कापल्या गेल्या ते वाटेत भेटले तर दुसऱ्या बाजूला बघू लागले. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. त्यात ह्या भाकऱ्या कुणी मागितल्याही नव्हत्या.

मग प्रत्येक वस्तू कशी असावी हे लिहून काढायची पायरी आली. कापूस म्हणजे कसा कापूस? एका संध्याकाळी वडनेरकरांनी घरातल्या कापसाचा बोळा हेमाच्या दुधाच्या पातेल्यात पाणी घेऊन त्यावर ठेवला आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. बोळा तरंगत राहिला.

“दूध कशात तापवू?” हेमाने विचारलं.

“हा कापूस गादीच्या लायकीचा आहे,” ते म्हणाले. “जखमेच्या कापसाने बुडायला हवं.”

मुक्ता पाणी प्यायला आली होती. तिने वाकून पाहिलं. “दस सेकंड में डूबना चाहिए,” ती म्हणाली. “कॉलेज में किया था. लेकिन पापा, ये तो लैब की बात है. दुकान पर कौन देखता है?”

“मी बघतो,” वडनेरकर म्हणाले. “गावाकडच्या दवाखान्यातल्या बाईला ते बघायची सोय नसते, म्हणून इथे बसून मी बघतो.”

मुक्ताने पाणी पिऊन पेला विसळला. पण जाताना तिने बोळा बोटाने पाण्यात दाबून पाहिला, आणि तो पुन्हा वर आला, हे वडनेरकरांच्या नजरेतून सुटलं नाही.

तीन दुकानांकडून बंद पाकिटात भाव मागवायचे होते. एका शनिवारी ते अमीनाबादला गेले. पहिल्या दुकानात वस्तूंच्या अटींचा पाच पानी कागद बघून दुकानदाराने तो परत दिला. दुसऱ्या दुकानात कुणीतरी त्यांना औषध निरीक्षक समजलं आणि शटर अर्धं खाली आलं. तिसरं दुकान रस्तोगीजींचं होतं. पांढरी कानटोपी घातलेले रस्तोगीजी कागद शेवटपर्यंत वाचणारे पहिले गृहस्थ निघाले. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“हुज़ूर, पट्टी लेनी है कि पुल बनवाना है?”

वडनेरकरांनी शांतपणे पद्धत समजावली. रस्तोगीजींनी मान डोलावली आणि चहा मागवला. इथे घोटाळा झाला. वडनेरकर म्हणाले, की आपण भाव देणार आहात, तेव्हा आपला चहा मला चालणार नाही. आणि पिशवीतून निळा थर्मास काढून त्यांनी स्वतःचा चहा ओतला. लखनौत माणूस एकवेळ उधारी विसरेल, पण दारी आलेल्याने चहा नाकारला तर विसरत नाही. रस्तोगीजींचा चेहरा पडला. “हमारे वालिद के ज़माने से इस दुकान पर किसी ने चाय नहीं ठुकराई,” एवढंच ते म्हणाले.

पाकिटं उघडायच्या दिवशी मंडळाच्या खोलीत एकटे रस्तोगीजीच आले, पाकीट घेऊन, शेरवानीसारखा लांब कोट घालून. बाकी दोघांचा पत्ता नव्हता. आणि नियम असा, की एकच पाकीट आलं तर ते उघडायचं नाही, पुन्हा मागणी करायची. वडनेरकरांनी अतिशय अदबीने हे सांगितलं. रस्तोगीजींनी तितक्याच अदबीने ऐकून घेतलं, पाकीट खिशात घातलं आणि लीलावतीकाकूंनी पुढे केलेला तिळाचा लाडू, आपण चहा न पिणाऱ्यांच्या घरचं खात नाही असं सांगून, नाकारला. त्यांचा हिशेब चुकता झाला असावा, कारण दुसऱ्या खेपेला ते येताना अमीनाबादच्याच दोन दुकानदारांना स्वतःच्या खर्चाने रिक्षात घालून घेऊन आले. ह्यात संगनमत होतं का, ह्यावर वडनेरकरांनी एक रात्र विचार केला. पण ते दोघं रिक्षातून उतरतानाही एकमेकांना शिव्या देत होते असं जयसिंगरावांनी शपथेवर सांगितलं, तेव्हा त्यांचं समाधान झालं. काम रस्तोगीजींनाच मिळालं.

माल शनिवारी आला, स्पर्धेच्या आदल्या दिवशी. सोबत रस्तोगीजी स्वतः होते. वडनेरकरांनी कापूस पाण्यात सोडला, तो बुडाला. गॉजच्या घड्या मोजल्या. जखमेच्या मलमाच्या खोक्यावरची तारीख पाहिली, पुढे दोन वर्षं होती. आता एकच राहिलं होतं. त्यांच्या खात्याच्या भांडारात आलेला माल तपासणीचा अहवाल येईपर्यंत कुणालाही द्यायचा नसतो. पिवळी चिठ्ठी लावून वेगळा ठेवायचा असतो.

“तपासणी कोण करणार?” हेमाने विचारलं. “आमच्या प्रयोगशाळेत रूळ तपासतात.”

“मुक्ता करेल,” वडनेरकर सहज म्हटल्यासारखं म्हणाले. “मंडळात औषधाची पदवी तिचीच आहे. नुसती सही हवी.”

मुक्ताने वर पाहिलं. “नुसती क्यों? मैं बिना देखे साइन नहीं करूँगी. कल सुबह देखूँगी. और एक भी चीज़ गड़बड़ निकली तो?”

“तर सगळी खेप अडवायची. नियम आहे.”

“ठीक है,” मुक्ता म्हणाली, आणि पिवळी चिठ्ठी स्वतःच्या हाताने चिकटवली.

रविवारी धुकं दहा वाजता उठलं. मैदानावर टेबल मांडलं, त्यावर पेटी, पेटीवर पिवळी चिठ्ठी. टेबलामागे मुक्ता एकेक वस्तू काढून वहीत लिहीत बसली होती. रस्तोगीजींनाही आमंत्रण होतं. ते खुर्चीत बसून लिंबू-चमचा बघत होते आणि दर वेळी लिंबू पडलं की हळहळत होते. लीलावतीकाकू हळदीची डबी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या वाट बघत होत्या असं म्हणणं बरं दिसत नाही, पण होत्या.

रस्सीखेचीत जयसिंगरावांच्या बाजूला एक माणूस कमी पडला म्हणून त्यांनी वडनेरकरांना ओढून उभं केलं. दोन मिनिटं दोर जागचा हलला नाही. मग समोरच्यांपैकी कुणीतरी शिंकलं असावं, दोर एकदम सैल झाला आणि वडनेरकर मागच्या मागे न पडता, कसे कोण जाणे, पुढे गुडघ्यांवर आले. पँट फाटली. उजव्या गुडघ्यातून रक्त यायला लागलं.

चौघांनी धरून त्यांना टेबलाशी आणलं. तीन आठवडे खपून घेतलेली पेटी समोर होती. अशा क्षणाची माणसं आयुष्यभर वाट बघतात.

“मुक्ता, पट्टी दे,” वडनेरकर म्हणाले.

मुक्ताने पेटीवर हात ठेवला. तिचा चेहरा उतरला होता, पण हात हलला नाही. “पापा, नहीं दे सकती. माल होल्ड पर है.”

“काय?”

“मरहम के डिब्बे पर बैच नंबर कुछ और है, अंदर ट्यूब पर कुछ और. आपने कहा था, एक चीज़ गड़बड़ तो पूरी खेप.”

“अगं पोरी, पट्टीचा आणि मलमाचा काय संबंध?” जयसिंगराव म्हणाले. “बाप आहे तुझा.”

मुक्ताने वडनेरकरांकडे पाहिलं. निर्णय त्यांचा होता. गुडघा ठणकत होता, सगळी मराठी वस्ती बघत होती आणि हेमा कपाळाला हात लावून उभी होती.

“ती बरोबर सांगते आहे,” वडनेरकर म्हणाले. “पेटी बंद कर.”

तेवढ्यात रस्तोगीजी उठले. त्यांनी कोटाच्या खिशातून कोऱ्या पट्टीचं सीलबंद पाकीट काढलं आणि झुकून पुढे केलं. “हुज़ूर, ये टेंडर की नहीं है. ये हमारी तरफ़ से.”

वडनेरकरांनी पट्टीकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं. “रस्तोगीजी, आपसे अभी लेना-देना चल रहा है,” ते म्हणाले. “नहीं ले सकता. माफ़ कीजिए.”

मग लीलावतीकाकू उठल्या. त्यांच्या हळदीवर कुठलाच नियम लागू होत नव्हता. अठरा वर्षांपूर्वीच्या आल्याच्या रसाची आठवण काढत त्यांनी गुडघा स्वच्छ धुतला, हळद भरली आणि वर जयसिंगरावांचा नवा मफलर बांधला. तो जयसिंगरावांनी आपणहून काढून दिला, कारण आता त्यांना सवय झाली होती.

रस्तोगीजी मात्र टेबलाशी उभे होते. त्यांनी ट्यूब हातात घेतली, तिच्या दुमडलेल्या शेपटावर दाबून उमटवलेले आकडे चष्मा वर-खाली करून वाचले आणि खाली बसले. खोक्यावर दोन वर्षं पुढची तारीख होती. ट्यूबवरची मुदत मागच्या ऑगस्टमध्येच संपली होती. कुणीतरी जुन्या ट्यूबा नव्या खोक्यांत भरून त्यांच्या गळ्यात मारल्या होत्या. त्यांनी फोन काढला आणि दुकानात सांगितलं, की ह्या मलमाचे सगळे डबे आत्ताच्या आत्ता फळीवरून काढा. मग मुक्ताकडे वळून म्हणाले, “बिटिया, चालीस साल में हमने डिब्बा ही पढ़ा. ट्यूब तुमने पढ़ी.”

“पापा ने भी डिब्बा ही पढ़ा था,” मुक्ता म्हणाली. तिच्या आवाजात बढाई नव्हती. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

वडनेरकरांचे कान लाल झाले. बावीस वर्षांत असा ठपका त्यांच्यावर कुणी ठेवला नव्हता. आणि तरीही त्यांना इतका आनंद झाला, की गुडघ्याचा विसर पडून ते उठायला गेले आणि पुन्हा खाली बसले. मग त्यांनी थर्मास उघडला, एका कपात चहा ओतून रस्तोगीजींपुढे धरला. आपला चहा त्यांना द्यायला नियमाची हरकत नव्हती, हे त्यांना आजवर सुचलं कसं नाही कोण जाणे. रस्तोगीजींनी क्षणभर विचार केला आणि कप घेतला.

घरी आल्यावर पावणेपाचला मुक्ताने फ्रीजवरची सब्जीची यादी काढली, खालची जाहिरात घेतली आणि लॅपटॉप उघडून बसली. वडनेरकर पाय स्टुलावर ठेवून पेपरकडे बघत होते. पेपर उलटा आहे हे हेमाने सांगितलं नाही. नाव, पत्ता, पदवी, सगळं भराभर भरून झालं. साडेपाच वाजता शेवटी एक चौकोन आला, ‘मी सर्व सूचना वाचल्या आहेत.’ सूचना अडतीस पानी होत्या.

“टिक कर आणि मोकळी हो,” हेमा म्हणाली. “कुणी वाचत नाही ते.”

“मम्मी, बिना पढ़े कैसे टिक करूँ?” मुक्ता म्हणाली, आणि तिने पान पहिलं उघडलं.

सहाला वीस मिनिटं होती तेव्हा ती पान बारावर होती. दहा होती तेव्हा पंचविसावर. लवकर कर, एवढे दोनच शब्द वडनेरकरांच्या ओठांवर आले होते, आणि ते दोन शब्द त्यांना कुठल्याही नियमाने बोलता येत नव्हते. हेमाने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा मुलीकडे, आणि स्टुलावरचा त्यांचा पाय उचलून खुर्चीवर ठेवला. स्टूल घेऊन ती स्वयंपाकघरात गेली.

सहाला पाच मिनिटं कमी असताना मुक्ता म्हणाली, “पेज इकतीस पर तारीख गलत छपी है. इनको बताना पड़ेगा,” आणि उरलेली सात पानं वाचून झाल्यावर, सहाला जेमतेम मिनिट उरलं असताना, तिने टिक केलं. अर्ज गेला.

आत हेमा स्टुलावर चढून माळ्यावरून काहीतरी काढत होती. मुक्ताच्या शाळेतला लाल थर्मास होता तो. तिने तो गरम पाण्याने विसळला, झाकण नीट बसतं का ते दोनदा पाहिलं आणि निळ्या थर्मासशेजारी पालथा घातला.